मद्रासची गाडी आणि साध्या प्रवाशाची रात्र

मुंबई आणि चेन्नई यांना जोडणारा लोहमार्ग सुमारे १२८० किलोमीटर लांबीचा आहे. विमान हे अंतर दोन तासांच्या आत काटते. रेल्वेगाडीला एक रात्र आणि जवळजवळ एक संपूर्ण दिवस लागतो. असे असूनही या मार्गावरील गाड्यांचे साधे शयनयान कधी रिकामे गेल्याचे कोणी पाहिलेले नाही. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. पण पोंगलच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत ही मुदत कितीही असली तरी खिडकी उघडताच जागा संपतात. धारावीत आणि माटुंग्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले तमिळ कुटुंबीय, रेणिगुंट्याला उतरून तिरुपतीला जाणारे यात्रेकरू, वेल्लोरच्या रुग्णालयातील तारीख गाठू पाहणारे आजारी आणि त्यांचे नातलग, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, बदलीवर निघालेले कारकून, अशा माणसांचा हा डबा असतो. यांपैकी बहुतेकांना विमानाचे भाडे परवडत नाही आणि वातानुकूलित डब्याचे भाडेही विचार करावयास लावते. त्यांच्या या एका रात्रीचे पुढे काय होणार, हा प्रश्न आता विचारावयास हवा.

या मार्गाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, हे शाळेतील मुलेही जाणतात. मद्रासकडेही जवळजवळ त्याच सुमारास काम चालू होते. १ जुलै १८५६ रोजी रोयापुरमहून अर्काटच्या दिशेने तिकडची पहिली गाडी निघाली. रोयापुरम स्थानकाची जुनी इमारत आजही उभी आहे. मुंबईकडील कंपनीपुढे खरा अडसर होता तो बोरघाटाचा. हजारो मजुरांच्या कष्टाने, आणि त्यांतील अनेकांच्या प्राणांच्या मोलाने, १८६३ मध्ये घाट खुला झाला. आजही कर्जतला गाडीच्या पाठीशी जादा इंजिने लागतात आणि लोणावळ्याला ती सुटतात. झोपी गेलेल्या प्रवाशाला त्या धक्क्याने क्षणभर जाग येते, एवढेच. पुढे १८७१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा आणि मद्रास रेल्वेचा रूळ रायचूरला एकमेकांना भिडला आणि मुंबई-मद्रास हा सलग प्रवास शक्य झाला.

या रायचूरचे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवले पाहिजे. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबईहून मद्रासचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर बावीस उतारूंची पाटी होती, आणि तीही केवळ बसण्यापुरती; सुरक्षितपणे आडवे होता येईल अशी एकही फळी डब्यात नव्हती. प्रवास मात्र दोन रात्रींचा. पुण्यापर्यंत दांडग्या प्रवाशांनी दार अडवून संख्या बावीसवर राखली. रायचूरनंतर ती पस्तीसपर्यंत गेली. काही जण घाणीत जमिनीवर निजले, काही उभे राहिले. मारामारी होता होता वडीलधाऱ्या उतारूंनी ती थांबविली. आपली ही गाडीतली पाचवी रात्र आहे, असे सांगून एक मेमन व्यापारी निषेध करीत होता, पण रेल्वेचे नोकर येत ते आणखी माणसे आत ढकलण्यापुरते. साऱ्या वाटेत डबा एकदाही झाडला गेला नाही. चहा म्हणून जे मिळत होते त्याचे वर्णन तर त्यांनी मोठ्या तिखट शब्दांत केले आहे.

गांधीजींचा हा लेख त्याच महिन्यात रांची येथे लिहिला गेला. त्यातील तक्रारी आज वाचताना करमणूक होते, पण त्यातील एक हिशेब करमणुकीचा नाही. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक आहे. मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्या वर्गाच्या सुखसोयींचा एक पंचमांश, निदान एक दशांश तरी वाटा मिळतो काय, असे त्यांनी विचारले होते. दयेची याचना न करता प्रमाणाचे गणित मांडणारा हा प्रश्न आहे. रेल्वेच्या कोणत्याही अर्थसंकल्पाला तो आजही विचारता येतो.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी मिळत गेले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. पाटी बदलली, फळी तीच राहिली, अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. फळीत बदल झाला तो १९७७ नंतर. रेल्वेमंत्रिपदी मधु दंडवते आले. अहमदनगरमध्ये जन्मलेला, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारा आणि राजापूरमधून लोकसभेवर निवडून जाणारा हा समाजवादी प्राध्यापक. पहिला वर्ग खाली आणण्यापेक्षा दुसरा वर्ग वर उचलावा, ही त्यांची भूमिका होती. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच जाडीचा फोम बसविण्यास आरंभ केला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर वर्गविहीन गीतांजली एक्स्प्रेस त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाली. समतेवर आपल्याकडे विपुल भाषणे झाली आहेत. परंतु समता इंचांत मोजून ती कोट्यवधी माणसांच्या पाठीखाली अंथरणारे मंत्री किती झाले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

हे शयनयान म्हणजे मुळात काय आहे? जुन्या धर्तीच्या डब्यात ७२ शायिका. आठ-आठ माणसांचे नऊ कप्पे. समोरासमोर तीन-तीन आणि वाटेच्या पलीकडे खिडकीलगत दोन. दिवसा मधली शायिका पाडलेली आणि खालच्या बाकावर तिघे बसलेले. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची अधिकृत वेळ; त्याआधी मधली शायिका उघडता येत नाही आणि सहानंतर खाली पाडावी लागते. नियम एवढाच, पण तो चालतो तो तिकीट तपासनिसाच्या धाकाने नव्हे. खालच्या शायिकेवरील आजीला नऊलाच झोप येते आणि वरच्या तरुणाला अकरापर्यंत गप्पा मारावयाच्या असतात. मधला माणूस दोघांच्या तोंडाकडे पाहत बसतो, आणि शेवटी कोणीतरी पडते घेते. तात्पुरती सोय म्हणून एकाच बाजूच्या शायिकेवर दोन अनोळखी माणसांना अर्धी-अर्धी जागा देण्याची जी पद्धत रेल्वेने काढली आहे, ती तर सहनशीलतेची परीक्षाच. पाय कोणी किती लांबवायचे याचा करार तेथे एका शब्दाशिवाय होतो. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटल्याखेरीज राहणार नाही.

रात्री सोलापुरी चादर अंगावर घेऊन झोपलेला मुंबईकर अनेकदा सोलापुरातच जागा होतो. त्याआधी अंधारात, भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्यावरील पुलावरून गाडी भीमा ओलांडून गेलेली असते. येथून पुढे खिडकीतून दिसणारा मुलूख मराठी माणसाला परका वाटत नाही, आणि त्याचे कारण मोठे घरगुती आहे. कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागते. आपल्या ओटीवर, अंगणात, शाळेच्या वऱ्हांड्यात जी करडी फरशी आपण जन्मभर तुडविली, ती शहाबादी फरशी या गावची. दुपारनंतर कडप्पा येते. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा दगड आपण ज्या नावाने मागतो ते या गावाचे नाव आहे. खाणींच्या कडेला रचलेले लाद्यांचे ढीग गाडीतून दिसतात. मराठी मध्यमवर्गाचे घर या एका लोहमार्गावरील दोन स्थानकांनी पायाखाली आणि हाताखाली धरून ठेवले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

देवस्थानांचीही ही वाट आहे. अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड, मंत्रालयम रोड, रेणिगुंटा, तिरुत्तणी. स्थानकांची नावे नुसती वाचली तरी यात्रा घडते. प्रत्येक ठिकाणी काही माणसे उतरतात आणि त्यांच्या जागी वेगळी भाषा बोलणारी माणसे बसतात. डब्यातील भाषा अशी तासातासाने बदलत जाते. दुधनीनंतर स्थानकांच्या पाट्यांवर कन्नड येते. कृष्णा नावाच्या छोट्या स्थानकावर तेलुगू दिसते, कारण तेवढा चिंचोळा तुकडा तेलंगणात आहे. रायचूरला पुन्हा कन्नड, तुंगभद्रा ओलांडली की पुन्हा तेलुगू, आणि संध्याकाळी तमिळ. कृष्णेच्या त्या पुलावर मात्र मराठी प्रवाशाने पुस्तकातून मान वर काढावी. थोड्या वरच्या अंगाला भीमा कृष्णेला मिळालेली असते. रात्री उजनीजवळ ओलांडलेले पाणी, म्हणजे आळंदीच्या इंद्रायणीचे आणि पंढरपूरच्या चंद्रभागेचेही, या पुलाखालून पूर्वसमुद्राकडे निघालेले असते.

तिरुत्तणीच्या फलकावरील तमिळ अक्षरांमागेही एक हकीकत आहे. भाषावार प्रांतरचनेत हा भाग आंध्राकडे गेला होता. त्यासाठी मोठे आंदोलन झाले. अखेर पाटसकर निवाड्यानुसार सीमा बदलून १ एप्रिल १९६० रोजी तिरुत्तणी मद्रास राज्यात आले आणि काही गावे आंध्रात गेली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या हे ज्याचे निकष, ते पाटसकर सूत्र बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पुढे ठेवले आहे. हरि विनायक पाटसकर हे महाराष्ट्राचे. एका मराठी माणसाच्या सूत्राने तमिळ आणि तेलुगू भाषकांची सीमा मिटली आणि त्याच्या स्वतःच्या भाषेची मात्र लोंबकळत राहिली, या विसंगतीवर तिरुत्तणीच्या फलाटावर दोन मिनिटे विचार करण्यास वेळ मिळतो. तेवढाच थांबा असतो.

दिवसभराच्या या प्रवासात डबे उघडतात. मराठी कुटुंबाच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोरच्यांच्या डब्यात चिंचेचा भात, दहीभात. देवघेव झाल्याशिवाय राहत नाही. समोरच्या बाईंना हिंदी येत नाही, आपल्याला तमिळ येत नाही, इंग्रजी दोघांनाही बेताचे. तरीही मुलीचे लग्न, जावयाची नोकरी आणि गुडघेदुखी एवढे विषय सहज पार पडतात. १९३७ पासून आणि पुढे १९६५ मध्ये हिंदीच्या प्रश्नावर मद्रास का पेटले, हे ग्रंथांतून समजून घेता येते. पण आपली भाषा आपल्याला किती प्रिय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला समोरच्याची भाषा त्याला तितकीच प्रिय असणार हे उमगण्यासाठी दहा तासांची ही समोरासमोरची बैठक अधिक उपयोगी पडते. सभ्य माणसे विमानात एकमेकांशी बोलत नाहीत.

आता आजच्या स्थितीविषयी. गेल्या काही वर्षांत लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांतील साध्या शयनयानाचे डबे कमी होऊन त्यांच्या जागी वातानुकूलित तीन-टियरचे डबे जोडले गेले आहेत. २०२१ पासून त्याच वर्गाचा थोडा स्वस्त व अधिक शायिकांचा प्रकारही आला. यात सारेच वाईट आहे असे समजण्याचे कारण नाही. एप्रिल-मे महिन्यांत रायचूर ते कडप्पा हा टप्पा उघड्या खिडकीच्या डब्यातून काढणे ही शिक्षा असते. गार हवेत झोपावे, स्वच्छ चादर मिळावी, अशी इच्छा कारकुनाने का धरू नये? तसे ज्याला परवडते त्याने तिकडे जावे हे योग्यच. प्रवासी भाड्यांतील तोटा मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढावा लागतो, हे रेल्वेचे म्हणणेही खोटे नाही.

आक्षेप आहे तो वेगळा आहे. वातानुकूलित तीन-टियरचे भाडे साध्या शयनयानाच्या अडीच पटीच्या आसपास पडते. चार माणसांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन हा फरक लहान नाही. साध्या शायिका घटल्या की त्या कुटुंबापुढे दोनच वाटा राहतात: परवडत नसलेले भाडे भरावे, नाहीतर अनारक्षित डब्यात शिरावे. प्रतीक्षा यादीतील तिकिटावर आरक्षित डब्यात चढण्यास मुभा नाही. नियम म्हणून ते रास्त आहे, परंतु जागाच कमी ठेवून नियम कडक करणे म्हणजे दाराशी माणूस उभा करून आतील खुर्च्या उचलण्यासारखे आहे. त्यातच ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत, पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात बंद करण्यात आली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, आणि तरीही पुढे कित्येक वर्षे ती परत आली नाही. निवृत्त शिक्षकाने पत्नीला उपचारासाठी मद्रासला न्यावयाचे तर त्याच्या हिशेबात ही रक्कम ठळकपणे उभी राहते.

डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमृत भारत गाड्या बिनवातानुकूलित आहेत आणि त्यांत शयनयानाचे डबे आहेत. साध्या प्रवाशाचा विचार पूर्णपणे सोडून दिलेला नाही, हे यावरून दिसते. पण एका बाजूला नव्या गाड्या सुरू करावयाच्या आणि दुसऱ्या बाजूला रोजच्या मेल-एक्स्प्रेसमधून एकेक डबा काढावयाचा, हा जमाखर्च प्रवाशाच्या फायद्याचा नाही. प्रत्येक मेल-एक्स्प्रेस गाडीत साध्या शयनयानाच्या किमान अमुक इतक्या शायिका असतीलच, असा नियम संसदेसमोर ठेवण्यास रेल्वे मंत्रालयाला अडचण असू नये. शंभर वर्षांपूर्वीचे पंचमांशाचे गणित त्यामुळे निदान कागदावर तरी मांडता येईल.

रात्री गाडी चेन्नईच्या हद्दीत शिरते तेव्हा विल्लिवाक्कम-पेरांबूरचा परिसर लागतो. इंटिग्रल कोच फॅक्टरी येथेच आहे. स्विस कंपनीच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्यातून पहिला डबा २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडला. तो जुन्या धर्तीचा डबा २०१८ पर्यंत येथे बनत होता, आणि त्याच वर्षी पहिल्या वंदे भारत गाडीचे डबेही येथेच तयार झाले. साध्या माणसाचा डबा आणि ऐटीतला डबा, दोन्ही एकाच कामगारांच्या हातचे.

मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये झाले, पण जुन्या माणसांच्या तोंडी मद्रासच आहे. १८७३ मध्ये उभारलेल्या सेंट्रल स्थानकाला २०१९ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांचे नाव देण्यात आले. स्थानकाशेजारच्या मूर मार्केटमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा पुष्कळ मराठी प्राध्यापकांनीही लाभ घेतला असेल. १९८५ च्या आगीत ते जळाले. १८९६ चे कोनेमारा ग्रंथालय मात्र आहे, आणि देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कायद्याने जेथे जावयास हवी अशा ग्रंथालयांपैकी ते एक आहे. जॉर्ज टाउनमधील कालिकांबाळ मंदिरात शिवाजी महाराज १६७७ मध्ये दर्शनाला येऊन गेले, असे तेथील लोक श्रद्धेने सांगतात. शिवाजीचे नाव या शहराला नाटक-सिनेमातूनही परिचित आहे: अण्णादुराईंच्या नाटकात महाराजांची भूमिका केल्यावर पेरियार यांनी गणेशन नावाच्या नटाला शिवाजी ही उपाधी दिली, आणि शिवाजीराव गायकवाड नावाचा बंगळूरचा मराठी तरुण येथे येऊन रजनीकांत झाला.

डिसेंबरच्या मध्यापासून या शहराला गाण्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी निघाली; तिच्याभोवती अनेक सभांचा मोसम उभा राहिला. सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात, आणि सभांच्या उपाहारगृहांतील पदार्थांवर गाण्याइतकीच गंभीर चर्चा होते. दुपारी तरुण गायकांच्या ज्या मैफली होतात त्यांना पुष्कळ ठिकाणी तिकीट नसते, त्यामुळे शयनयानातून आलेला माणूसही तेथे बसू शकतो. तंजावरच्या मराठी राजवटीत आपली कीर्तनपरंपरा तिकडे गेली आणि तिच्यातून तमिळ हरिकथेने ओवी, साकी, दिंडी उचलली, हे संगीताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. मुंबईत जन्मलेल्या अरुणा साईराम यांच्यासारख्या गायिकांनी अलीकडे अभंग कर्नाटक मैफलींत लोकप्रिय केला. मैफलीच्या उत्तरार्धात मृदंग चढतो, मैलापूरच्या मध्यमवयीन बायका मांडीवर ताल धरतात, आणि मराठीचे एक अक्षर न कळणारे सारे सभागृह विठ्ठलाचे नाव घेऊ लागते.